वळणाचे पाय : आयसीच्या पायांचे आकार आणि त्यांमागची कारणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते या शाळेत हस्ताक्षर आणि हस्तव्यवसाय असे दोन विषय शिकवीत. दोन्ही तासांना त्यांच्या तोंडी एकच शब्द असे : 'वळण'. पहिल्या तासाला ते म्हणत, "अक्षराला वळण हवे." दुसऱ्या तासाला तारेचा तुकडा पकडीत धरून म्हणत, "वळण एकदम काटकोनात देऊ नकोस, तार तिथेच तुटेल." पहिला तास माझ्या उपजीविकेच्या कामी आला. आजचा विषय मात्र मी त्यांच्या दुसऱ्या तासातून घेतला आहे. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाने इलेक्ट्रॉनिक्समधील एका बारीक वस्तूवर बोलावे, याचे आपल्याला आश्चर्य वाटेल. म्हणून प्रथम माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची हकिगत सांगतो.

एका शब्दाची चूक

काही वर्षांपूर्वी धंदेशिक्षणाच्या एका पुस्तिकेचे मराठी भाषांतर तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. मूळ इंग्रजीत एक शब्द वारंवार येत होता. त्याचा उच्चार 'लेड' केला तर अर्थ होतो शिसे. 'लीड' केला तर अर्थ होतो आयसीच्या अंगातून बाहेर आलेला धातूचा पाय. लेखन दोहोंचे एकच. माझ्या प्रबंधाचा विषय संतवाङ्मयातील कारागिरांची भाषा हा होता. त्यामुळे धातूंची नावे आपल्याला कळतात, अशी माझी समजूत होती. मी सरसकट 'शिसे' हा शब्द कायम केला. परिणामी 'शिसे बाहेरच्या बाजूस वाकवलेले असते' आणि 'शिसेमुक्त शिसे वापरावे' अशी वाक्ये माझ्या नावानिशी छापून गेली.

या शाळेचा एक माजी विद्यार्थी यंत्रदुरुस्तीचे दुकान चालवतो. पुस्तिका घेऊन तो घरी आला आणि संकोचाने म्हणाला, "सर, रागावू नका. हे वाक्य मी दुकानात पोरांना वाचून दाखवले. ती मलाच विचारतात, शिशातून शिसे काढल्यावर उरते काय?" मी ओशाळलो. त्याला म्हटले, "अरे, मग मला तो पाय दाखव." त्याने मला दुकानात नेले, हाती भिंग दिले, आणि मी पहिल्यांदा आयसीचे पाय नीट पाहिले. त्या दुपारी जे दिसले आणि त्यानंतर जे वाचून समजले, ते आज आपल्यापुढे मांडतो.

पाय कशासाठी?

आयसी म्हणजे सिलिकॉनच्या नखाएवढ्या, पुष्कळदा त्याहून लहान, तुकड्यावर कोरलेले विद्युत्‌मंडल. अमेरिकेतील टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत जॅक किल्बी यांनी १९५८ साली त्याचा पहिला नमुना चालवून दाखवला आणि त्या कार्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा तुकडा इतका नाजूक असतो, की तो उघडा ठेवता येत नाही. तो काळ्या प्लॅस्टिकच्या किंवा चिनी मातीच्या जातीच्या कवचात बंद करतात. आतल्या तुकड्याशी बाहेरच्या जगाचा व्यवहार कवचातून बाहेर काढलेल्या धातूच्या पट्ट्यांमधून चालतो. याच पट्ट्या म्हणजे पाय. दुकानात त्यांना 'पिन' म्हणतात.

पायाला तीन कामे एकाच वेळी करावी लागतात. त्याने वीज वाहून न्यायची, आयसीला बोर्डावर धरून ठेवायचे आणि आतली उष्णता बाहेर काढायची. चौथे एक काम आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, पण पायाचा आकार मुख्यतः त्याच्यामुळे ठरतो. त्याकडे आपण येणारच आहोत.

भोकातून पृष्ठावर

सर्वांत परिचित आयसी म्हणजे दोन्ही बाजूंना सरळ पाय असलेली, गोमेसारखी दिसणारी वस्तू. फेअरचाइल्ड कंपनीत १९६४ साली ही रचना तयार झाली. तिला १४ पाय होते. दोन पायांतील अंतर एक दशांश इंच, म्हणजे २.५४ मिलिमीटर. बोर्डाला भोके पाडायची, पाय त्यांतून खाली उतरवायचे आणि मागच्या बाजूने डाख द्यायचा. दुकानात ज्याला सोल्डर म्हणतात, तोच आपल्या तांबटांचा डाख. जमिनीत खुंट ठोकावा तसे हे पाय बोर्डात रोवलेले असतात. पक्के बसतात, पण जागा फार घेतात. प्रत्येक पायासाठी बोर्डाच्या आरपार एक भोक जाते आणि मागची बाजूही अडून राहते.

मौज अशी, की भोकाशिवाय बसणारा आयसी याच्याही आधी जन्मला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील वाय. ताओ यांनी १९६२ साली पाव इंच लांब व अर्धा पाव इंच रुंद असे चपटे कवच बनवले. त्याला दहा पाय होते आणि ते कुशीतून आडवे बाहेर येत. चंद्रावर माणूस घेऊन गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकात असेच चपटे आयसी होते. पण ते महाग पडत. सर्वसामान्य कारखान्यांनी भोक सोडून पृष्ठभागाचा आश्रय घेतला, तो मुख्यतः १९८० नंतरच्या दशकात. तेव्हा पाय बोर्डात रोवण्याऐवजी बोर्डावर टेकू लागले. रोवलेल्या खुंटाला आकाराची चिंता नसते; टेकणाऱ्या पायाला मात्र पाऊल लागते, टाच लागते, चवडा लागतो. आकारांचा प्रश्न येथून सुरू होतो.

अंतरे किती आक्रसली ते पाहा. १४ पायांचा जुना आयसी सुमारे १९ मिलिमीटर लांब असे. तेवढ्याच पायांचा, पृष्ठावर बसणारा आयसी पावणेनऊ मिलिमीटरांहून कमी लांबीचा असतो, कारण पायांतील अंतर निम्मे होऊन १.२७ मिलिमीटर झाले. चारही बाजूंना पाय असलेल्या चौरस आयसीत ते पुढे ०.५ मिलिमीटरपर्यंत आणि त्याखालीही गेले.

वळण कशासाठी?

आता ते चौथे काम. आपल्याकडे लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो, तेव्हा ती आधी लालबुंद तापवतो. तापलेले लोखंड प्रसरण पावते, चाकावर बसते आणि निवल्यावर आवळून धरते. बहुतेक पदार्थ तापल्यावर वाढतात. मात्र सगळे सारखे वाढत नाहीत. बोर्ड काचतंतू आणि राळेसारख्या रसायनाचा असतो. एका अंशाने तापमान वाढले, की तो लांबीच्या दशलक्षांश भागांत मोजता सुमारे १६ भाग वाढतो. चिनी मातीच्या जातीचे कवच मात्र सहा ते सातच भाग वाढते. दोघे एकमेकांना डाखाने बांधलेले, आणि एकाची वाढ दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक.

हिशेब करू. कवच २५ मिलिमीटर लांब आहे असे धरा. मध्यापासून टोकापर्यंत साडेबारा मिलिमीटर. यंत्र पहाटे १५ अंशांवर थंड पडलेले आहे आणि चालू झाल्यावर आतून ७५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे ६० अंशांचा फरक. टोकाशी बोर्ड आणि कवच यांच्यात सुमारे साडेसात मायक्रॉनची ओढाताण होते. माणसाच्या केसाचा हा जेमतेम दहावा हिस्सा. एवढ्याने काय होणार, असे वाटेल. परंतु कवच पायांशिवाय थेट बोर्डावर चिकटवले असेल, तर मधल्या डाखाचा थर एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो. त्या थराला स्वतःच्या जाडीच्या साडेसात टक्के तिरके व्हावे लागते. दिवसा एका दिशेने, रात्री उलट दिशेने. तार पुढेमागे वाकवून तोडतात, तसा डाख हळूहळू तडकतो. काचतंतूंच्या बोर्डावर बसवलेल्या बिनपायांच्या मोठ्या कवचांना हा रोग पूर्वी खरोखरच जडला होता.

मालव्याच्या रात्रीची कीर्ती आपण सारे जाणतो. बनारसची सकाळ, अवधची सायंकाळ आणि मालव्याची रात्र, अशी म्हणच आहे. उन्हाने भाजलेला दिवस आणि मग शीतल होणारी रात्र. सरदारपुरात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्याला त्यात सुख वाटते; अंगणाला लागून असलेल्या ओसरीतील यंत्राला मात्र प्रत्येक रात्र ही एक ओढाताण असते. मोटारीतील यंत्रांचे तर याहून कठीण. ती तापतात, गारठतात आणि वर रस्त्याचे हादरे सोसतात. आपल्याच धार जिल्ह्यात पीथमपूर येथे वाहनांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा मार्ग २९ जून २०२१ रोजी खुला झाला. त्यावरून धावणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत कितीतरी आयसी आपल्या बारीक पायांवर उभे राहून धावत असतात.

या ओढाताणीवरचा उपाय म्हणजे पायाचे वळण. वाकवलेली पातळ पट्टी ही स्प्रिंग असते. बोर्ड सरकला की ती किंचित लवते आणि डाखावरचा ताण स्वतःवर घेते. येथे एक नियम फार उपयोगी आहे : पट्टीची जाडी निम्मी केली तर तिचा ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो, लांबी दुप्पट केली तरी तो आठव्याच हिश्श्यावर येतो. म्हणून ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीची पट्टी आणि एक-दोन वळणे एवढ्यावर काम भागते. पट्टी कोणत्या धातूची यालाही महत्त्व आहे. तांब्याची मिश्रधातू लवचीक असते व उष्णताही चांगली नेते; ४२ टक्के निकेल आणि बाकीचे लोखंड अशी मिश्रधातू ताठ असते आणि तिचे पाय डाखाला अधिक छळतात.

तीन आकार

पृष्ठावर बसणाऱ्या पायांचे मुख्य आकार तीन.

पहिला पायरीसारखा. पाय कुशीतून आडवा निघतो, खाली वळतो आणि बोर्डाजवळ पुन्हा बाहेरच्या बाजूस आडवा होतो. इंग्रजीत याला समुद्रावरच्या कुरव पक्ष्याच्या पंखाचे नाव आहे. दोन वळणे असल्यामुळे तो चांगला लवतो. पाऊल बाहेर असल्याने डाख नीट बसला की नाही, हे वरून भिंगाने दिसते आणि दुरुस्तीसाठी डाखणीचे टोक तेथवर पोहोचते. दोष दोन. पावले बाहेर पसरल्याने जागा अधिक लागते. आणि बारीक पाय धक्क्याने वाकतात. सगळी पावले एका पातळीत असावी लागतात, ०.१ मिलिमीटरहून अधिक फरक सहसा चालत नाही. एक पाऊल जरी उचललेले राहिले, तरी तो पाय बोर्डावर टेकत नाही आणि यंत्र मुके होते.

दुसरा आकडीसारखा. पाय खाली उतरून कवचाच्या पोटाखाली आत वळतो. छत्रीची मूठ किंवा इंग्रजी 'जे' हे अक्षर डोळ्यांपुढे आणावे. पाय पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाप्रमाणे हा आयसी आटोपशीर असतो. पाय सुरक्षित राहतात आणि लवतातही. सॉकेटमध्ये दाबून बसवणे व काढणे सोपे जाते. म्हणून संगणकाला सुरू होण्याच्या सूचना देणारा आयसी बरीच वर्षे याच रूपात येत असे. दोष असा, की डाखाचा महत्त्वाचा भाग पोटाखाली दडतो, तपासनिसाला मान वाकडी करावी लागते.

तिसरा खुंटासारखा. जुन्या सरळ पायाचे टोक कापून तो बोर्डावर नुसता उभा करायचा. भोक वाचते, नवा साचा लागत नाही. पण पाऊल नाही, टाच नाही. केवळ टोकाभोवती डाखाचा कढा. हा सांधा इतका कमजोर, की ज्या यंत्रांवर जीव अवलंबून असतात त्यांच्यासाठी तो मान्य केला जात नाही.

हे आकार द्यायचे कसे, यात गुरुजींचा तास पुन्हा आठवतो. साच्यात पाय वाकवताना कवचालगतचा भाग आधी घट्ट दाबून धरतात आणि मग वळण देतात. तसे न केल्यास जोर कवचात शिरतो, धातू आणि प्लॅस्टिक यांच्यात बारीक भेग पडते व तिच्यातून दमट हवा आत जाते. वळणही गोलसर ठेवतात, टोकदार नाही.

टाच आणि डाख

माझ्या घरच्या इन्व्हर्टरची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तो ओसरीत असे. हिवाळ्यात तो पहाटे चालेना. दुपारी आपोआप सुरू होई. एका कारागिराने तो दुरुस्त करून दिला. पुढच्या थंडीत पुन्हा तेच. मग तो मी आपल्या या माजी विद्यार्थ्याकडे नेला. त्याने लाकडी काडीने कार्डावरच्या एका आयसीचा पाय हलकेच दाबला, आणि यंत्र सुरू झाले. काडी काढली, बंद. भिंगाखाली दिसले, की आधीच्या कारागिराने त्या पायावर डाखाचा ढीग ओतला होता. तो कवचापर्यंत चढला होता आणि तरी टाचेजवळ केसाएवढी भेग पडली होती. तो म्हणाला, "सर, त्याने पायच बांधून टाकला. आता हा लवणार कसा?"

हे वाक्य मी विसरलो नाही. पायरीसारख्या पायात सर्वांत महत्त्वाचा डाख टाचेमागचा. चवड्यापुढे थोडा कमी असला तरी चालते. टाचेमागे अर्धचंद्राकृती भर हवीच, कारण ओढ तेथेच येते. परंतु तोच डाख वर चढून वळण भरून टाकू लागला, तर स्प्रिंगची कांब होते आणि सगळा ताण सांध्यावर पडतो. अधिक डाख म्हणजे अधिक बळकटी, हा समज येथे उलटा ठरतो.

डाख बसतो कसा, हे आपल्या कल्हईवाल्याला विचारावे. तो भांडे तापवतो, नवसागर फिरवतो आणि मग कथील टेकवतो. नवसागर धातूवरचा मळ खातो, म्हणून कथील पसरते. आयसीच्या कामात नवसागर चालत नाही, कारण मागे उरलेला अंश धातू खात राहतो. तेथे राळ वापरतात. पायांनाही आधीच कल्हई केलेली असते. पूर्वी डाखात ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असे. तो १८३ अंशांवर वितळे. शिसे विषारी असल्यामुळे युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक यंत्रांत त्याला बंदी झाली आणि कथील, चांदी, तांबे यांचा, सुमारे २१७ अंशांवर वितळू लागणारा डाख सर्वत्र रूढ झाला. 'शिसेमुक्त पाय' म्हणजे ज्याच्या कल्हईत शिसे नाही असा पाय. माझे 'शिसेमुक्त शिसे' मूळचे काय होते, ते आता आपल्या ध्यानात येईल.

पाय गेले, वळण राहिले?

पाय कडेने काढायचे म्हटले, की त्यांची संख्या कडेच्या लांबीने बांधली जाते. २८ मिलिमीटर चौरस आयसीला ०.५ मिलिमीटर अंतराने २०८ पाय बसतात, आणि ते केसासारखे नाजूक असतात. त्याऐवजी पोटाखाली सर्वभर डाखाचे मणी ओळीने लावले, तर २७ मिलिमीटर चौरसात एकेक मिलिमीटर अंतर ठेवूनही २६ गुणिले २६, म्हणजे ६७६ मणी मावतात. अंतर दुप्पट आणि संख्या तिपटीहून अधिक. मोठे आयसी मण्यांवर का गेले, याचे उत्तर या गणितात आहे. लहान आयसींत पोटाखाली केवळ धातूच्या पट्ट्या ठेवण्याची पद्धत फार पसरली आहे. मध्यभागी मोठी पट्टी असल्याने उष्णता सरळ बोर्डात उतरते.

पाय गेल्यावर लवणार कोण? ते काम आता मण्याची उंची करते, कवचाचे प्रसरण बोर्डाशी जुळते ठेवून साधले जाते, किंवा खाली चिकट द्रव्य भरून ताण सगळीकडे वाटून दिला जातो. सांधे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून क्ष-किरणांनी तपासावे लागतात. गावातल्या दुकानात क्ष-किरण यंत्र नसते. बाहेर पाऊल टाकणारा पायरी-पाय टिकून आहे, त्याचे एक कारण हेच, की तो कारागिराला दिसतो आणि त्याच्या हाताला लागतो.

समारोप

गुजरातेत साणंद येथे आणि आसामात जागीरोड येथे आयसींच्या बांधणीचे व चाचणीचे मोठे प्रकल्प २०२३ आणि २०२४ या वर्षांत मंजूर झाले. साणंद मालव्याच्या शेजारचेच. आपल्या शाळेतील काही मुले उद्या अशा कारखान्यांत काम करतील. ती जे हातांनी शिकतील, त्याला त्यांच्या भाषेत शब्द असावेत, ही जबाबदारी माझ्यासारख्यांची होती आणि तीत मी चुकलो. वस्तू न पाहता शब्द तपासला, एवढीच ती चूक. प्रकाशकांना मी दुरुस्तीचे पत्र धाडले असून 'शिसे' काढून 'पाय' करावे आणि आकारांना पायरी-पाय, आकडी-पाय व खुंट-पाय म्हणावे, असे सुचवले आहे. हे शब्द दुकानातल्या मुलांनी आधी तोंडी घोळवून पाहिले. 'खुंट-पाय' त्यांना लगेच पटला. 'आकडी' वर त्यांचे अजून एकमत नाही. येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांत जे या व्यवसायात असतील, त्यांनी आपल्या कामातले शब्द मला अवश्य कळवावेत.

तारेला वळण सावकाश द्यावे, हे गुरुजींनी सांगितले तेव्हा आमच्यापैकी कोणालाच त्याचे कारण ठाऊक नव्हते. ते आज मी माझ्या परीने सांगितले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून, आणि माझी चूक दाखवायला घरी आलेल्या त्यांच्याच शाळेच्या विद्यार्थ्याचे आभार मानून, मी आपली रजा घेतो.